निजेचा हिशेब

श्रोतेहो, आज ज्या विषयावर आपणांशी बोलावयाचे आहे, तो इतका नित्याचा आहे की त्यावर भाषण कशास हवे, असे कोणासही वाटावे. निजणे कोणास शिकवावे लागत नाही. तान्हे मूलही ते जाणते. परंतु जी गोष्ट शिकवावी लागत नाही, तिची किंमत करावयाची बहुधा राहून जाते. मी वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. आयुष्य शाळेत फळ्यापुढे गेले. यास्तव औषध सांगण्याचा अधिकार माझा नाही. थोडे अंकगणित मांडावे, आणि त्या अंकांमागचे शास्त्र वाचनाने जेवढे उमगले तेवढे सांगावे, इतकाच माझा हेतू आहे.

आमचे मनवेलपाडा विरारच्या पूर्वेस आहे. विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. १८६७ साली विरार ते मुंबईतील बॅकबे अशी उपनगरी गाडी प्रथम सुरू झाली, तेव्हा दिवसातून एकच गाडी जात व येत असे. विजेच्या गाड्या १९३६ साली विरारपर्यंत आल्या. आज मध्यरात्र उलटल्यावर चर्चगेटहून सुटलेली शेवटची गाडी विरारास पोचते, आणि पुढे फार वेळ न जाता पहाटेची पहिली गाडी निघण्याच्या तयारीस लागते. म्हणजे स्थानक जेमतेम डोळा लावते, असे म्हटले तरी चालेल. जी स्थिती स्थानकाची, तीच गावाची.

आता एका घराचा हिशेब मांडू. घर काल्पनिक आहे; परंतु असे घर ओळखीचे नाही, असा श्रोता आमच्या बाजूस क्वचितच आढळेल. कर्त्या पुरुषाची कचेरी फोर्टात, नऊ वाजता भरणारी. सातची गाडी गाठावयाची तर साडेसहास घर सोडावे लागते, आणि त्यापूर्वी स्नान, चहा, डबा, पाणी हे सर्व उरकावयाचे असल्याने सव्वापाचास उठणे आले. सायंकाळी साडेसहास सुटून, गर्दीतून उभ्याने येऊन, नऊच्या सुमारास तो दारात पाऊल टाकतो. जेवण, दोन गोष्टी, उद्याची तयारी आणि हातातला मोबाइल, एवढे होता होता पावणेबारा वाजतात. पावणेबारा ते सव्वापाच म्हणजे साडेपाच तास. प्रौढ मनुष्यास रात्रीची निदान ७ तास झोप हवी, असे निद्राशास्त्राचे तज्ज्ञ सांगतात. रोजची तूट दीड तास. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले तर साडेसदतीस तास, म्हणजे पाच पुऱ्या रात्रींहून अधिक. वर्षाची बेरीज ४५० तास. त्यांच्या सातासात तासांच्या रात्री केल्या तर त्या चौसष्ट होतात. वर्षातून दोन महिने हा मनुष्य निजलाच नाही, असा त्याचा अर्थ. त्याच घरातील गृहिणी सर्वांच्या शेवटी निजते व सर्वांच्या आधी उठते. नळाला अवेळी पाणी येत असेल तर मध्येच आणखी एकदा उठते. तिची तूट याहूनही मोठी असते, आणि ती कोणी मांडीत नाही.

ही तूट खरोखर तोट्याची आहे काय, हे ठरविण्यापूर्वी झोप म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी झोपेस हलके मानले नव्हते. चरकसंहितेत शरीराचे तीन आधारस्तंभ सांगितले आहेत, त्यांत आहाराच्या जोडीस निद्रा बसविली आहे. अति झोपणाऱ्यास योग साधत नाही व अति जागणाऱ्यासही साधत नाही, हे गीतेचे सांगणे आपण ऐकत आलो आहो. आपण मात्र त्यातले अति झोपण्यासंबंधीचे बोल तेवढे मुलांस ऐकविले. लवकर निजून लवकर उठण्याच्या उपदेशाचेही तेच झाले. लवकर उठणे लक्षात राहिले, लवकर निजणे गळून पडले.

पाश्चात्य देशांतही पुष्कळ काळ अशी समजूत होती की, दिवा मालवावा तसा मेंदू रात्री मालवतो. १९५३ साली शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन या दोघा संशोधकांनी, झोपलेल्या मनुष्याचे डोळे मिटल्या पापण्यांआड ठरावीक वेळी वेगाने हलतात व त्याच वेळी त्यास स्वप्ने पडतात, असे दाखविले. तेव्हापासून ही समजूत मागे पडली. निजलेला मेंदू रिकामा नसतो. तो दुसऱ्या कामास लागलेला असतो. रात्रभरात साधारण दीड दीड तासाची चार-पाच आवर्तने होतात. आरंभीच्या आवर्तनांत गाढ झोप अधिक असते. शरीराची वाढ व डागडुजी करणारा स्राव मुख्यत्वे त्याच वेळी पाझरतो. पहाटेच्या आवर्तनांत स्वप्नांची झोप अधिक असते. दिवसा जे शिकलो, पाहिले, ऐकले, त्यातले ठेवण्यासारखे ठेवणे आणि जुन्या ज्ञानाशी त्याची सांगड घालणे, हे कामही झोपेतच होते. सबब जो पहाटे दीड तास आधी उठतो, तो केवळ दीड तास गमावीत नाही. त्या वेळी व्हावयाचे जे विशिष्ट काम, ते त्याचे अर्धवट राहते.

झोप येते कशी? तिला दोन दोऱ्या आहेत. पहिली दोरी श्रमाची. आपण जागे असेतो मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते, आणि ते जितके साचेल तितके डोळे जड होतात. झोपेत ते उतरते. चहा-कॉफीने तरतरी येते, ती या द्रव्याची जागा चहातील कॅफीन अडवून धरते म्हणून. द्रव्य नाहीसे होत नाही. चहा भूक भागवीत नाही. भुकेची घंटा तेवढी काही वेळ बांधून ठेवतो.

दुसरी दोरी घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींस छेदतात त्याच्या किंचित वर, एक इवलासा पुंजका आहे. तोच शरीराचे घड्याळ चालवितो. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या बारीक फळमाश्यांवर प्रयोग करून या घड्याळाची अंतर्रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ उजेडावर लावले जाते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचा स्राव वाढतो व शरीरास रात्र झाल्याची वर्दी देतो. निजण्याच्या वेळी डोळ्यांपुढे प्रखर दिवा अगर मोबाइलचा पडदा असला, तर ही वर्दी उशिरा पोचते.

आता तुटीचे परिणाम पाहू. १९९९ साली शिकागो येथे धडधाकट तरुणांस सहा रात्री केवळ चार-चार तास बिछान्यावर राहू दिले. तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर पचविण्याची शक्ती लक्षणीय रीतीने मंदावली. मधुमेह ज्या देशात घरोघर आहे, त्या देशातील लोकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले, तेव्हा सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांस सर्दी होण्याचा संभव सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपट आढळला. अपुऱ्या झोपेने भूक अवेळी व अधिक लागते, रक्तदाब वाढतो, चिडचिड वाढते आणि मन उदास राहते. वसईच्या वालीव-गोखिवऱ्याकडील कारखान्यांत रात्रपाळी करणारे आमचे पुष्कळ शेजारी आहेत. वर्षानुवर्षे घड्याळाविरुद्ध जागण्याचा धोका इतका आहे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली अशा पाळ्यांस कर्करोगाच्या संभाव्य कारणांच्या यादीत घातले.

परंतु श्रोतेहो, याहूनही महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट आहे, आणि माझ्या भाषणाचे सार तीत आहे. २००३ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया येथे एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही निरोगी माणसांस दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिले व त्यांच्या अवधानाची रोज परीक्षा घेतली. चुका दिवसेंदिवस वाढत गेल्या. अखेरीस त्यांची अवस्था सबंध रात्री जागून काढलेल्या माणसांसारखी झाली. मात्र त्यांस विचारले असता, थोडीशी झोप येते, बाकी ठीक आहे, असेच ती सांगत राहिली. पैशाचा कर्जदार आपले कर्ज जाणतो. झोपेचा कर्जदार जाणत नाही, कारण ज्या बुद्धीने मोजावयाचे, तीच मंदावलेली असते. मला पाच तास पुरतात, सवय झाली आहे, हे वाक्य आपण गाडीत रोज ऐकतो. सवय होते ती पेंगुळलेले असण्याची. ती सवय झाली म्हणून गरज कमी होत नाही.

याचा प्रत्यय रस्त्यावर येतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोघा संशोधकांनी दाखविले की, सलग १७ तास जागलेल्या मनुष्याचे हात व अवधान, थोडे मद्य प्यालेल्या मनुष्याइतके ढिले पडते. आपल्या विरार फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. तेथे ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकास चार सेकंदांची डुलकी लागली, तर त्याची गाडी सुमारे ६७ मीटर कोणी न हाकता पुढे जाते. मद्य प्यालेल्यास आपण चाकामागे बसू देत नाही. रात्रभर जागलेल्यास मात्र चहा पाजून बसवितो.

येथे कोणी म्हणेल, की आपल्या महाराष्ट्राची परंपरा तर जागरणाची आहे. खंडोबाचे जागरण, देवीचा गोंधळ, कोजागिरी, कोकणातील दशावतार, एकादशीचे भजन, ही सर्व रात्र रात्र चालणारी. हे खरे आहे. परंतु त्या परंपरेचे दुसरे अंगही पाहिले पाहिजे. पंढरपुरास रोज रात्री शेजारती होते व पहाटे काकडआरती. म्हणजे देवाच्या निजण्याचीही वेळ ठरलेली. आषाढीच्या यात्रेत देवाचा पलंग काढून ठेवतात आणि अहोरात्र दर्शन चालते. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवितात, आणि पलंग पुन्हा आपल्या जागी येतो. जागरण नैमित्तिक, निद्रा नित्य, आणि जागरणानंतर विश्रांती ठरलेली, असा हा शहाणपणाचा क्रम आहे. आपण आज जे करतो त्यात यात्रा संपतच नाही व पलंग परत येतच नाही.

आता मुलांविषयी बोलतो, कारण मास्तराचे मन अखेर तेथेच जाते. सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास व तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले. आपल्या काल्पनिक घराकडे पुन्हा वळू. शाळा सातची, शाळेची बस सव्वासहाची, म्हणून मुलगी साडेपाचास उठते. वडील नऊस येतात, साडेनऊस सारे मिळून जेवतात, निजावयास अकरा वाजतात. तिला साडेसहा तास मिळाले. निदान अडीच तास कमी. बापाच्या गाडीची वेळ अशा रीतीने मुलीच्या निजण्याची वेळ ठरविते. ही मुलगी पहिल्या तासास बाकावर पेंगते, आणि पेंगणाऱ्या मुलास आळशी अगर मंद म्हणण्याची आपल्या शाळांची जुनी रीत आहे. पुष्कळदा असेही होते की, थकलेले मूल पेंगत नाही. ते उलट चुळबुळ करते, भांडते, रडते. त्यास खोडकर म्हणतात. वास्तविक पाठांतर रात्रीच्या झोपेत पक्के होते. म्हणून झोप मोडून करविलेला अभ्यास म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

हा प्रश्न सरकारदरबारीही पोचला. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करावा, असे सुचविले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने परिपत्रक काढून, पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग ९ वाजण्यापूर्वी भरवू नयेत, असे सांगितले. लगेच अडचणी पुढे आल्या. एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, त्यांचे काय? बसगाड्यांच्या फेऱ्या कशा जुळवाव्या? आणि आमच्याकडील सर्वांत खरी अडचण अशी की, आई-बाप दोघेही सातच्या गाडीने गेले, तर नऊ वाजेपर्यंत मुलाने कोणाजवळ राहावे? ही अडचण खोटी नाही, आणि ती मांडणाऱ्या पालकास निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. तो मुलाची झोप तोडतो ती स्वतःची तोडून.

आणखी एक गोष्ट. परिपत्रक चौथीपर्यंतचे आहे. परंतु वयात येणाऱ्या मुलांचे शरीरातील घड्याळच काही वर्षे मागे सरकते. सोळा वर्षांच्या मुलास दहा वाजता झोप येत नाही, हा सर्वस्वी त्याचा हट्ट नव्हे. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली असे मत दिले की, मोठ्या मुलांच्या शाळाही साडेआठपूर्वी भरू नयेत. दहावीच्या वर्षी पहाटे चार वाजता मुलास उठवून पुस्तकापुढे बसविणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

तात्पर्य काय, तर झोप केवळ एकेका मनुष्याच्या शहाणपणावर सोडून भागत नाही. तिची व्यवस्था लावावी लागते. याचा दाखला मुंबईतच आहे. गिरणी कामगारांस आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी रविवारच्या सुटीचा निर्णय झाला. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, तसा सूर्यास्ताचा अडसर दूर झाला आणि १९०५ च्या सुमारास कित्येक गिरण्यांत दिवसास चौदा-पंधरा तास काम चालू लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत ते बारा तासांवर आणले. १९४८ च्या कायद्याने दिवसास ९ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. कामगार अधिक सावध झाले म्हणून त्यांस विश्रांती मिळाली, असे नव्हे. नियम झाला म्हणून मिळाली. त्या कायद्यांनी कारखान्यातले तास मोजले; गाडीतले तीन-साडेतीन तास अद्याप कोणी मोजलेले नाहीत. कचेऱ्यांच्या वेळा पुढेमागे कराव्या, शक्य ते काम घराजवळ न्यावे, शाळेच्या आवारात मुलांस सांभाळण्याची सोय करावी, ही मागणी म्हणून आळशांची मागणी नव्हे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर घरात काय करता येईल? पहिली गोष्ट, आठवडाभर कागदावर निजण्याची व उठण्याची वेळ लिहावी आणि घरातील प्रत्येकाची बेरीज करावी, गृहिणीची सुद्धा. कर्ज जाणवत नाही, म्हणूनच ते लिहून पाहावे लागते. दुसरी, मुलांचे जेवण मोठ्यांच्या गाडीशी बांधू नये. त्यांस आठास वाढावे व नऊ-साडेनऊस निजवावे. बापलेकांनी एकत्र जेवण्याचा आनंद रविवारी घ्यावा. तिसरी, रात्रीची कामे वाटून घ्यावी. घरात चौघे असता एकटीनेच बारापर्यंत भांडी घासावी, हा न्याय नव्हे. चौथी, उठण्याची वेळ शक्यतो रोज एक ठेवावी, सुटीच्या दिवशी तासाभराहून फार पुढे नेऊ नये. पाचवी, चहा चारपाच वाजेपर्यंत संपवावा, आणि मोबाइल निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. सहावी, गाडीत बसावयास जागा मिळाली तर वीस मिनिटांची डुलकी जरूर घ्यावी. परंतु ती रात्रीच्या झोपेची भरपाई समजू नये. सातवी, जो मोठ्याने घोरतो व मध्येच ज्याचा श्वास अडकतो, किंवा ज्यास वेळ असूनही महिनेच्या महिने झोप लागत नाही, त्याने वैद्यास दाखवावे. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळ्या घेऊ नयेत.

आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. थकल्या जिवास दगडावरही झोप येते, हे खरे. धोंड्याची उणीव आपणांस कधीच नव्हती, आणि आता तर घरोघर गाद्या आहेत. उणे पडले आहेत ते तास. ते कोठे जातात, हे प्रत्येक घराने एकदा मोजून पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.